नेटवर्क कार्ड हरवलेला संगणक : म्हार्दोळच्या घरातले नऊ दिवस

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास परतीच्या पावसाने असा गडगडाट मांडला की सासूबाई देवापुढून उठून खिडक्या लावत सुटल्या. एक वीज अगदी जवळ पडली, घरामागच्या माडांच्या पलीकडे कुठेतरी. उजेड आणि आवाज एकाच वेळी. दिवे गेले, पंधरा-वीस मिनिटांनी आले. माझा संगणक बंद होता, भिंतीवरचं बटनही बंद होतं, त्यामुळे मी निर्धास्त झोपले.

शुक्रवारी सकाळी नऊला संगणक लावला. तो नेहमीसारखाच सुरू झाला. पण खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे इंटरनेटची खूण असते, तिथे पृथ्वीचा गोल आणि त्यावर बारीकसं मनाईचं चिन्ह. मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर उघडायला गेले तर चौकट आली, लायसन्स सापडलं नाही. ते मी २०१९ साली रीतसर विकत घेतलेलं आहे आणि सहा वर्षांत एकदाही असं म्हणालेलं नव्हतं.

मी गोव्यात, म्हार्दोळला, घरी बसून अक्षरजुळणी करते. लग्नपत्रिका, देवस्थानच्या जत्रेची पत्रकं, गावच्या नाटकाच्या संहिता. त्या आठवड्यात हातात होता आमच्या इथल्या एका मंडळाचा दिवाळी अंक, ७२ पानांचा. ५१ पानं लावून झाली होती आणि १६ तारखेला फाइल छापखान्यात द्यायची होती. पानं त्याच सॉफ्टवेअरच्या फाइलींत. ते उघडत नाही म्हणजे अंकच अडकला.

माझा तर्क सरळ होता. एकाच रात्रीत दोन वेगळ्या गोष्टी बंद पडल्या, म्हणजे विजेने विंडोजच बिघडवली. हा तर्क चुकीचा होता आणि त्यापायी चार दिवस गेले. म्हणून घडलं तसं सगळं लिहून काढते आहे. नेटवर्क अडॅप्टर, म्हणजे संगणकाला इंटरनेटशी जोडणारा भाग, सापडत नाही, असं तुमच्या पडद्यावर आलं, तर कुठून सुरुवात करायची हे तरी हाताशी असेल.

आधी शुक्रवार. फोनवर वायफाय व्यवस्थित चालत होतं, म्हणजे घरात इंटरनेट येत होतं. संगणकाला मात्र मी वायफाय कधी वापरलेलं नाही. आमचं घर जुनं, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. भिंती दीड-दीड फूट जाड. राउटर दिवाणखान्यात आणि माझी कामाची खोली पार मागे, तिथे वायफायचा जीव जातो. २०२१ मध्ये फायबरचं इंटरनेट आलं तेव्हा राउटरपासून वळचणीखालून, घराच्या बाहेरून, अठरा मीटर लॅनची केबल, म्हणजे राउटर आणि संगणक जोडणारी तार, ओढून घेतली होती. ही केबल लक्षात ठेवा, पुढे ती येणार आहे.

विंडोजच्या दुरुस्ती-सहायकाला विचारलं तर त्याने 'नीट बसवलेला नेटवर्क अडॅप्टर आढळला नाही' एवढंच सांगितलं. आज्ञा टंकायच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली. एरवी तिथे दहा-बारा ओळी येतात. या वेळी नुसतं शीर्षक आलं आणि खाली काहीच नाही. संगणकातल्या उपकरणांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडला. 'नेटवर्क अडॅप्टर्स' या नावाखाली वॅन मिनिपोर्ट अशा सात-आठ ओळी होत्या, त्या पाहून क्षणभर बरं वाटलं. पण त्या खऱ्या उपकरणांच्या नव्हेत, विंडोजची ती आतली सोय असते. माझ्या लॅन कार्डाची, त्या कार्डाच्या कंपनीच्या नावाची, रिअलटेकची ओळ असायची, ती गायब होती. इंटरनेटवाल्यांना फोन लावला, अकरा मिनिटं गाणं ऐकलं, तक्रार क्रमांक मिळाला आणि ४८ तास थांबा असा निरोप.

माणूस शनिवारी दुपारीच आला, हे त्यांचं चांगलंच म्हणायचं. त्याने माझ्या खोलीतली केबल काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली. आधी काहीच नाही. मग दिवाणखान्यात जाऊन राउटरमध्ये ती पहिल्या भोकातून काढून दुसऱ्यात घातली. लगेच इंटरनेट आलं. पुन्हा माझ्या संगणकाला लावली, तर मागच्या पोर्टचे दोन्ही बारीक दिवे मेलेलेच.

"ताई, केबल बरी आसा. तुमच्या पीसीचें लॅन गेलां," तो म्हणाला. राउटरचं पहिलं भोकही गेलं आहे, असंही सांगितलं. पैसे घेतले नाहीत.

खरं निदान तिथेच झालं होतं. केबलच्या एका टोकाचं भोक मेलं, दुसऱ्या टोकाचंही मेलं, मधली केबल घराबाहेरून जाते. याहून स्पष्ट काय हवं? पण लॅन गेलं तर सॉफ्टवेअरचं लायसन्स कशाला जाईल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून हलत नव्हता, आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. म्हणून मी त्याचं म्हणणं अर्धंच ऐकलं.

रविवारी पुण्याहून भाच्याने व्हिडिओ कॉलवर हाती घेतलं. तो धीराने शिकवतो, "मावशी, आता हे दाब, आता वाचून दाखव." डिव्हाइस मॅनेजरमध्ये वर 'व्ह्यू' मध्ये जाऊन लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली, तेव्हा रिअलटेकची ओळ दिसली, पण फिकट, राखाडी. त्यावर दोनदा टिचकी मारली तर आत कोड ४५: हे उपकरण सध्या संगणकाला जोडलेलं नाही. फिकट ओळ आणि कोड ४५ याचा अर्थ असा की विंडोजला कार्ड आठवतं आहे, पण हाक मारली की पलीकडून ओ येत नाही. त्या दिवशी आम्हा दोघांनाही हे उमगलं नाही. आम्ही ती ओळ पुसली आणि 'हार्डवेअरमधले बदल शोधा' दाबलं. फिकटही आलं नाही.

मग नेटवर्क रीसेट. सेटिंग्जमध्ये, नेटवर्कच्या पानावर सगळ्यात खाली ते असतं. विंडोज सगळे अडॅप्टर काढून टाकते, संगणक पुन्हा सुरू झाला की पुन्हा बसवते. आमच्याकडे बसवायला काही उरलंच नव्हतं. मग विंडोजची नेटवर्कची घडी पूर्ववत करणारी विनसॉक रीसेटची आज्ञा. फरक नाही. कपाटातून वायफायचा जुना यूएसबी डोंगल काढून लावला, तर तो 'अदर डिव्हायसेस' खाली पिवळं उद्गारचिन्ह घेऊन बसला. त्याला ड्रायव्हर हवा, म्हणजे उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर. ड्रायव्हर छोट्या सीडीवर, माझ्या संगणकाला सीडीची खाचच नाही, आणि इंटरनेटवरून घ्यावा तर इंटरनेटसाठीच तर ही धडपड. आता कळतं की ड्रायव्हरची फाइल फोनवर उतरवून, फोन यूएसबीने जोडून संगणकावर कॉपी करता येते. तेव्हा सुचलं नाही.

भाच्याने शेवटी फोनचं इंटरनेट यूएसबी टेदरिंगने द्यायला सांगितलं. केबल जोडली, फोनवर टेदरिंगचं बटन फिकट, दाबताच येईना. रात्रीचे साडेदहा झाले होते. आमचे हे म्हणाले, "उद्या फोंड्याला दे नेऊन." मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. अंकात गावातल्या एकवीस जणांचं लेखन आहे. त्यातल्या दोन आजी पहिल्यांदाच लिहित होत्या.

सोमवारी, १३ तारखेला, सीपीयू टॉवेलात गुंडाळून स्कूटरच्या पायापाशी ठेवला आणि फोंड्याला गेले. दुकानदाराने वायर जोडून पाच मिनिटं पाहिलं.

"फॉर्मेट मारूंक जाय." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालायला हवी.

फॉर्मेटचे ८००, आधी सगळा डेटा काढून ठेवायचे ५००, दोन दिवस लागतील. मी विचारलं, माझ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स? ते परत तुम्हालाच घालावं लागेल. आणि फॉर्मेट केल्यावर लॅन नक्की दिसेल? "दिसायला हवं," तो म्हणाला. या दोन शब्दांवर मी थांबले. माझे सत्तर-ऐंशी फॉन्ट, सहा वर्षांच्या फाइली, कीबोर्डची बसवलेली रचना, हे सगळं 'दिसायला हवं' वर सोडवेना. एक दिवस द्या म्हटलं आणि सीपीयू परत घेऊन निघाले. फार्मागुडीला चढ संपल्यावर स्कूटर बाजूला लावली आणि पाच मिनिटं तशीच उभी राहिले. परत आणून चूक केली की काय, काही कळत नव्हतं. अंक जायला तीन दिवस होते.

तिथे उभी असतानाच शेजारच्या मुलाची आठवण झाली. तो तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. फोन केला. "काकी, उद्या संध्याकाळी येतो, आज नरकासुराचं तोंड चिकटवायचं आहे." आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात.

मंगळवारी तो आला तेव्हा खरोखरच हाताला खळ आणि कागदाचे तुकडे लागलेले होते. धुऊन बसला. पहिलं काम केलं ते हे, की सगळ्या वायरी काढल्या आणि सीपीयूचं पॉवरचं बटन तीस सेकंद दाबून धरलं. संगणक बंद दिसतो तेव्हाही लॅनच्या चिपला थोडी वीज मिळत असते, आणि कधी कधी ती चिप अर्धवट झोपेत अडकते. वीज पूर्ण तुटली की जागी होते. पुष्कळांचं काम एवढ्यावर भागतं, म्हणून फुकटातलं हे आधी करून पाहावं. आमचं भागलं नाही.

दुसरं, बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारी संगणकाची मूळ मांडणी. सुरू होताना डिलीटची कळ दाबत राहिल्यावर ते पान येतं. तिथे 'ऑनबोर्ड लॅन', म्हणजे मदरबोर्डवरच (संगणकातल्या मुख्य पाटीवरच) असलेलं लॅन कार्ड, चालू आहे की बंद, ते पाहिलं. चालूच होतं. मात्र तारीख १ जानेवारी २०१८ दाखवत होती. मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी संपली होती. नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडून ५० रुपयांना नवी आणली. तारीख टिकू लागली, लॅन नाही आलं. तारीख चुकली तर बँकेची, सरकारी पानं उघडताना प्रमाणपत्राच्या चुका येतात, तेव्हा हे पन्नास रुपये वाया गेले असं मी म्हणणार नाही. बायोसला हात लावण्याआधी एक सावधगिरी मात्र त्याने सांगितली. हल्लीच्या पुष्कळ संगणकांत डिस्क बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद असते आणि बायोसमध्ये बदल झाला की ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. फोनवरून आधी पाहून कागदावर उतरवून घ्यावी. माझ्या संगणकाला ते कुलूप नव्हतं.

तिसरं काम त्याने पेन ड्राइव्हने केलं, आणि तेच निर्णायक ठरलं. पेन ड्राइव्हवर उबुंटू होतं, विंडोजसारखीच पण वेगळी, फुकट मिळणारी प्रणाली. संगणक त्यावरून सुरू केला. 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' असे दोन पर्याय येतात, त्यातला 'ट्राय' निवडला. 'इन्स्टॉल' ला चुकूनही हात लावू नये. 'ट्राय' मध्ये आपल्या डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, आपली विंडोज बाजूला झोपलेली राहते. म्हणजे तोच संगणक, तेच सुटे भाग, पण विंडोज मधे नाही. तिथे त्याने एलएसपीसीआय ही आज्ञा दिली. मदरबोर्डवर जोडलेल्या सगळ्या गोष्टींची यादी येते. ग्राफिक्स, ध्वनी, यूएसबी, डिस्कचा कंट्रोलर, सगळं होतं. 'इथरनेट कंट्रोलर' ही ओळ नव्हती. मला पटावं म्हणून त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर तीच आज्ञा देऊन दाखवली. तिथे ती ओळ होती.

"काकी, हें विंडोजाचें न्हय. चीपच मेली."

मग त्याची केबल घेऊन फोन जोडला, आणि टेदरिंगचं बटन लगेच दाबता आलं. माझी केबल नुसती चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच! विंडोज परत सुरू केल्यावर त्याच केबलने तिथेही इंटरनेट आलं. म्हणजे विंडोज ठणठणीत होती. फॉर्मेट मारलं असतं तर लायसन्स, फॉन्ट, रचना सगळं जाऊन लॅन मेलेलंच राहिलं असतं. हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत झालं. ज्यांना हे प्रकार अनोळखी वाटतात त्यांना मी एवढंच सांगेन की दुसऱ्या कुठल्याही उपायाआधी हे करून घ्या. पेन ड्राइव्ह तयार करणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक गावात सापडतो.

बुधवारी, १५ तारखेला, सकाळच्या बसने पणजीला. बाणस्तारीचा पूल, जुनं गोवं, आणि अकराच्या आत १८ जून रस्त्यावर. यूएसबीतून लॅन करून देणारा अडॅप्टर घेतला, १,१५० रुपये. घरी आणून लावला, केबल जोडली, अर्ध्या मिनिटात इंटरनेट. ड्रायव्हरही मागितला नाही. सहा दिवसांनी तो गोल जाऊन तिथे संगणकाची खूण आली तेव्हा मी सासूबाईंना हाक मारून दाखवली.

सॉफ्टवेअर मात्र तेच म्हणत होतं, लायसन्स सापडलं नाही.

आता इंटरनेटही होतं, विंडोजही ठीक होती. त्या कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला. हा फोन मी शुक्रवारीच करायला हवा होता. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, नेटवर्क कार्ड बदललं का?" तिने सांगितलं, त्यांचं लायसन्स मशीन कोडवर चालतं आणि मशीन कोड नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून बनतो. प्रत्येक कार्डाला कारखान्यातच बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. कार्ड मेलं, क्रमांक दिसेना, म्हणून सॉफ्टवेअरला हा आपलाच संगणक आहे हे ओळखता येईना. गेले सहा दिवस ज्यांना मी दोन आजार समजत होते, तो एकच होता. फोन ठेवल्यावर डोळ्यांत पाणी आलं, सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

तिने आणखी एक सांगितलं, यूएसबीचा अडॅप्टर चालणार नाही. तो काढला की लायसन्स पुन्हा जाईल. आत बसणारं कार्डच हवं. आधी विचारलं असतं तर १,१५० रुपये वाचले असते.

लायसन्स नव्या कार्डावर नेण्याची रीत अशी. त्यांनी ईमेलवर एक अर्ज पाठवला. त्यात खरेदीच्या बिलाचा क्रमांक आणि तारीख, सॉफ्टवेअरचा अनुक्रमांक, जुन्या कार्डाचा क्रमांक, नवा मशीन कोड, बदलाचं कारण. सोबत बिलाची प्रत, सही केलेला अर्ज स्कॅन करून, आणि बंद पडलेल्या बोर्डाचा फोटो. शुल्क १,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८०. मुदत कामाचे दोन दिवस. शनिवार-रविवार सुट्टी आणि सोमवारपासून दिवाळी.

म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत अर्ज गेला नाही, तर अंक दिवाळीनंतर. छापखान्यातल्या काकांना फोन केला. त्यांनी दोन दिवस वाढवून दिले, "अठराला संध्याकाळी पाच, त्यापुढे माझं मशीन दुसऱ्याचं आहे."

गुरुवारी सकाळी सातला उठून कागद शोधले. संगणकाचं बिल गुळगुळीत थर्मल कागदावरचं, त्यावरची शाई पूर्ण उडाली होती, नुसता पांढरा तुकडा. सुदैवाने सॉफ्टवेअरचं बिल साध्या कागदावरचं होतं, स्वच्छ. तेव्हापासून कुठलंही बिल आलं की त्याच दिवशी फोटो काढून ठेवते.

जुन्या कार्डाचा क्रमांक कुठून आणायचा, हा मोठा पेच. कार्ड दिसतच नाही तर संगणक क्रमांक सांगणार कसा? शेजारच्या मुलाला संदेश टाकला. त्याचं उत्तर आलं, सीपीयूचं झाकण काढा, बोर्डावर बारकोडचा स्टिकर असेल. होता, पांढरा, नखाएवढा, धुळीने माखलेला. टॉर्चच्या उजेडात वाचला आणि फोटो काढला. खात्री करायला राउटरच्या पानावर गेले, फोनच्या ब्राउझरमधून १९२.१६८.१.१, तिथे पूर्वी जोडल्या गेलेल्या उपकरणांची यादी होती आणि त्यात माझ्या संगणकाच्या नावापुढे तोच क्रमांक. दोन्ही जुळले.

शेजारच्या मुलाने असंही सुचवलं होतं की नव्या कार्डाच्या सेटिंगमध्ये जुना क्रमांक घालता येतो, मग सॉफ्टवेअर कदाचित न विचारता उघडेल. मी नको म्हटलं. लायसन्स माझं आहे, बिल माझ्याकडे आहे, तर सरळ अर्ज करावा.

आत बसणारं पीसीआय एक्सप्रेस लॅन कार्ड मात्र त्या दिवशीच हवं होतं. ऑनलाइन मागवलं तर २१ तारीख दाखवत होतं. मी फोंड्याच्या त्याच दुकानात गेले. त्याला सगळं सांगितलं, उबुंटूची यादीही सांगितली. त्याने नीट ऐकून घेतलं, मागच्या कपाटातून ७५० रुपयांचं कार्ड काढलं आणि तिथेच बसवून दिलं. वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, छोट्या खाचेत कार्ड दाबलं, स्क्रू लावला. बायोसमध्ये जुनं ऑनबोर्ड लॅन बंद करून टाकलं, म्हणजे दोघांचा घोळ नको. बसवायचे पैसे घेतले नाहीत. घरी येऊन केबल जोडली. हिरवा आणि नारिंगी, दोन्ही दिवे लागले.

नवा मशीन कोड घेऊन १ वाजून १० मिनिटांनी अर्ज पाठवला, यूपीआयने पैसे भरले, पावतीचा क्रमांक अर्जावर लिहून पुन्हा पाठवला. चार वाजता उत्तर आलं, बोर्डाचा फोटो अस्पष्ट आहे. अंगणात नेऊन उजेडात काढला, पुन्हा पाठवला.

शुक्रवारचा दिवस नुसता वाट पाहण्यात गेला. दर तासाला ईमेल पाहत होते. तीन वाजता मी फोन केला, त्यांनी 'प्रक्रियेत आहे' म्हटलं. पाच चाळीसला नवी की आली. सॉफ्टवेअर उघडलं, अंकाची फाइल उघडली, ५१ वं पान होतं तसंच समोर आलं.

त्या रात्री अडीचपर्यंत आणि शनिवारी सकाळी सहापासून बसले. आमच्या ह्यांनी मुद्रितं वाचली, सासूबाईंनी चहा थांबू दिला नाही. शनिवारी सव्वाचारला पीडीएफ छापखान्यात पोचली. अंक २३ तारखेला, भाऊबीजेच्या सकाळी हातात आला. त्या दोन आजींपैकी एक स्वतःचं पान उघडून बराच वेळ बसून होती.

आता कारणाकडे येते, कारण ते माहीत नसेल तर नवं कार्डही पुढच्या पावसाळ्यात जाईल. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज वाहत नाही. पण राउटरच्या पुढची लॅन केबल तांब्याची. माझी अठरा मीटर घराबाहेरून गेलेली. वीज थेट तिच्यावर पडावी लागत नाही. जवळ कुठे पडली तरी एवढ्या लांब तारेत क्षणभर विजेचा प्रचंड दाब उभा राहतो. लॅनच्या पोर्टात बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, ते साधारण १,५०० व्होल्टपर्यंतचा फरक अडवतात. त्यापुढे चिप मरते. मी भिंतीवरचं बटन बंद केलं होतं, पण केबल जोडलेलीच होती.

दिवाळीनंतर, २८ तारखेला, वीज-कामगाराला बोलावलं. त्याने मीटर लावून फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट दाखवले, फेज आणि अर्थमध्ये १५०. हे दोन आकडे जवळपास सारखे असायला हवेत; म्हणजे आमचं अर्थिंग नावापुरतंच होतं. आमची जमीन चिऱ्याची, तिच्यातून वीज सहज उतरत नाही, आणि तो खड्डा वीसेक वर्षांपूर्वीचा. नवा खड्डा, लोखंडी पाइप, कोळसा, मीठ, मजुरी धरून ४,६०० रुपये. विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टरचा बोर्ड १,४००.

बाकीचा हिशेब असा: बॅटरी ५०, यूएसबी अडॅप्टर १,१५०, कार्ड ७५०, लायसन्स १,१८०, बस आणि पेट्रोल धरून साधारण ३००. म्हणजे दुरुस्ती ३,४३० रुपयांत झाली. यूएसबी अडॅप्टर आता भाचीच्या लॅपटॉपला आहे, त्याला लॅनची खाच नाही.

या धावपळीत अनेकांनी सांगितलं की १४ ऑक्टोबरला तुझ्या विंडोज १० चा पाठिंबा संपला, म्हणजे कंपनी सुधारणा देणं थांबवणार, आता संगणक नवाच घे. पाठिंबा संपला हे खरं आहे, पण मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा-सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घ्यायची सोय दिली आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ती दिसते, मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. मी २९ तारखेला नोंदणी केली. नवा संगणक पुढच्या वर्षी घेईन, तेव्हा लायसन्स हलवण्याचा अर्ज आधी करून.

केबल अजून वळचणीखालूनच आहे. ती आतून आणायची तर दोन ठिकाणी चिऱ्याची भिंत भेदावी लागते, आणि भिंती ओल्या असताना ते काम करू नये असं गवंडी म्हणतो. जानेवारीत करायचं ठरलं आहे. तोवर ढग वाजले की मी मागच्या खोलीत जाऊन केबल दोन्ही टोकांनी काढते, आणि मी घरात नसले तर सासूबाई काढतात. त्यांना कळावं म्हणून त्या पिनेला लाल दोरा बांधून ठेवला आहे.